फॅरेडेच्या कड्यापासून घरच्या टेबलापर्यंत



कामगार संघटनेच्या माणसाने वसंतातील व्याख्यानासाठी अँटेनाचा विषय घ्यावा, याचे कित्येकांस नवल वाटेल. बोनस, त्रिपक्ष समिती, हंगामी कामगार यांवर आम्ही बोलावे अशी अपेक्षा असते, आणि वर्षाचे अकरा महिने आम्ही तेच करीत असतो. परंतु पुरुषोत्तमनगरसारख्या साखर कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्याचा उठण्याबसण्याचा संबंध फिटर, वायरमन, टर्बाइनवाले, पंपवाले यांच्याशी येतो. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात आणि वर्कशॉपात. तेव्हा घरी बनविलेल्या एका लहानशा वस्तूचा इतिहास, आणि ती वस्तू खरी की खोटी हे साध्या साधनांनी कसे ओळखतात याची हकीकत, आज सांगावयाची आहे.

ही वस्तू आपण सर्वांनी पाहिलेली आहे. १९८७-८८ साली रविवारी सकाळी रामायण लागे, तेव्हा आपल्या पट्ट्यात घराघरावर नळीच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना उभी असे. त्या अँटेनाच्या मधोमध प्लॅस्टिकची एक डबी असे. डबी उघडली की आत बोटाच्या पेराएवढा काळा, दोन भोकांचा तुकडा आणि त्यातून ओवलेली बारीक तार दिसे. अनेकांनी ती बिनकामाची समजून काढून टाकली, वायर सरळ जोडली, आणि मग चित्राला मुंग्या का येतात म्हणून छतावर चढून अँटेना फिरवीत बसले. तो काळा तुकडा म्हणजे जुळणीचा ट्रान्सफॉर्मर. इंग्रजीत बॅलन्स्ड आणि अनबॅलन्स्ड या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून त्याला बालुन म्हणतात.

तो करतो काय? आपल्या कारखान्यांत उसाच्या चरकाचे रूळ मिनिटाला मोजके फेरे घेतात, पण त्यांना फिरविणारी वाफेची टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते. टर्बाइनचा दांडा थेट रुळाला जोडला तर एक तर टर्बाइन गुदमरेल नाहीतर काहीतरी मोडेल. म्हणून मध्ये दातेरी चाकांची पेटी लागते. वेग कमी होतो, जोर वाढतो, शक्ती बहुतेक तेवढीच पलीकडे जाते. विजेच्या दाबाचे आणि प्रवाहाचे असेच आहे. दाब भागिले प्रवाह या गुणोत्तरास शास्त्रात संरोध म्हणतात. ओहम या मापाने तो मोजतात. त्या टी.व्ही. अँटेनाचा संरोध सुमारे ३०० ओहम होता आणि खाली येणाऱ्या गोल केबलचा ७५. एकाच्या बेताची वीज दुसऱ्यात सरळ घुसत नाही, काही भाग उलटा फिरतो. मध्ये एकास दोन वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर ठेवला की दाब दुप्पट होतो, प्रवाह निम्मा होतो, आणि त्यांचे गुणोत्तर चौपट होते. एकास तीन वेढे असतील तर नऊपट, एकास सात असतील तर एकोणपन्नासपट. वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग, एवढे ध्यानात ठेवले की या वस्तूचे अर्धे गणित संपले.

आता इतिहास. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे याने लोखंडाचे एक कडे घेतले. बाहेरचा व्यास ६ इंच, सळईची जाडी पाऊण इंचाहून किंचित अधिक. त्यावर त्याने तांब्याच्या तारेची वेटोळी घातली. विद्युत्-रोधक वेष्टनाची तार तेव्हा बाजारात मिळत नव्हती, म्हणून वेढ्यांमध्ये सुतळी आणि थरांमध्ये मांजरपाट घातले. एका बाजूच्या वेटोळ्यास बॅटरी, दुसऱ्या बाजूच्या वेटोळ्याजवळ चुंबकसूची. बॅटरी जोडली की सूची हलली आणि पुन्हा जागेवर आली; बॅटरी तोडली की पुन्हा हलली. जगातला हा पहिला ट्रान्सफॉर्मर, आणि तो कड्याच्या आकाराचा. आज हौशी बिनतारीवाला फेराइटच्या कड्यावर तार गुंडाळतो तेव्हा तो आकाराने फॅरेडेचीच नक्कल करीत असतो. फॅरेडे हा लोहाराचा मुलगा व पुस्तकबांधणाऱ्याकडचा उमेदवार. बांधणीला आलेली पुस्तके वाचून तो शिकला.

ज्याच्यावर आम्हांस अधिक वेळ घालवावयाचा आहे तो दुसरा मनुष्य. ऑलिव्हर हेव्हिसाइड हे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. जन्म १८५० चा, लंडनच्या गरीब वस्तीतला, लहानपणी आलेल्या तापाने कानाने अधू. सोळाव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. तारायंत्राच्या कंपनीत तो तारवाला म्हणून लागला आणि १८७४ साली, चोविसाव्या वर्षी, नोकरी सोडून घरी बसला. पुन्हा आयुष्यात त्याने नोकरी केली नाही. मॅक्सवेलचा जाडजूड ग्रंथ त्याने एकट्याने, गुरूशिवाय वाचून काढला. आणि आज इंजिनियरिंगच्या वर्गात मॅक्सवेलची म्हणून जी चार समीकरणे फळ्यावर लिहितात, ती त्या आटोपशीर रूपात प्रथम मांडणाऱ्यांत हा शाळा सुटलेला तारवाला होता. त्याचे लेख कित्येक वर्षे 'इलेक्ट्रिशियन' नावाच्या धंद्याच्या साप्ताहिकात छापून येत. इम्पिडन्स, म्हणजे आपण ज्याला संरोध म्हटले, हा शब्द १८८६ साली त्यानेच रूढ केला.

१८८७ साली त्याने दाखवून दिले की लांब टेलिफोनच्या तारेत आवाज फाटतो, त्यावर उपाय तारेत गुंडाळ्यांचा गुण, म्हणजे प्रेरकत्व, वाढविण्याचा आहे. त्या वेळी ब्रिटिश टपाल खात्याचा विद्युत्प्रमुख विल्यम प्रीस हा होता. प्रीसचे मत नेमके उलटे होते, आणि अधिकार त्याच्या हाती होता. हेव्हिसाइडचे लेख छापले जाऊ नयेत अशी व्यवस्था झाली. पुढे त्याच तत्त्वावर अमेरिकेत मायकेल प्यूपिन याने पेटंट घेतले. १९०० च्या सुमारास मोठ्या टेलिफोन कंपनीने ते भरपूर पैसा देऊन विकत घेतले. हेव्हिसाइडच्या पदरी त्यातले काही पडले नाही. तो १९२५ साली वारला तोपर्यंत दारिद्र्यातच राहिला. खात्याचा प्रमुख चुकला आणि तारवाला बरोबर निघाला, हे आम्ही मुद्दाम सांगतो. प्रीस मूर्ख नव्हता. मार्कोनीस आरंभी आधार देणारा तोच होता. परंतु वर बसलेल्याने मोजून न पाहता निकाल दिला की काय होते, याचे हे उदाहरण आमच्या क्षेत्रातील पुष्कळ गोष्टींची आठवण करून देते.

मोजून पाहावयाचे तर साधन हवे. १८८८ साली हर्ट्झने बिनतारी लहरी सिद्ध केल्या त्या ठिणगीकडे डोळे लावून. १८९० साली एर्न्स्ट लेशर याने दोन समांतर तारांवर लहरी सोडून, तारांवर आडवा दांडा सरकवीत, काचेची नळी कोठे उजळते व कोठे विझते ते पाहिले आणि लहरीची लांबी फूटपट्टीने मोजली. लेशरच्या तारा पुढे पन्नास वर्षे हौशी लोकांच्या गच्चीवर दिसत. त्याच परंपरेत विजेरीचा दिवा आला. अँटेनाच्या तारेत बॅटरीचा छोटा बल्ब जोडावा, तो जितका उजळ तितका प्रवाह अधिक. १९२०-३० च्या दशकांत निम्म्या जगाचे बिनतारी संशोधन या बल्बाच्या उजेडात झाले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबईत १९२३ साली रेडिओ क्लबने प्रक्षेपण सुरू केले. १९२७ च्या जुलैत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र निघाले व तीन वर्षांत कंपनी बुडाली. त्याच्या जोडीने परवाना घेऊन घरी यंत्रे बांधणारे थोडे हौशी लोकही होते. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने त्यांचे परवाने थांबविले आणि यंत्रे पोलिसांत जमा करण्याचे हुकूम काढले. १९३३ च्या बिनतारी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून यंत्र नुसते बाळगणे हाच गुन्हा होता. त्यामुळे हे ज्ञान काही काळ माणसांच्या डोक्यांत व बोटांतच उरले.

आणि तेथूनच ते १९४२ साली बाहेर आले. ९ ऑगस्टला पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांची तोंडे बंद झाली. आपल्या नंदुरबारला, जे तेव्हा पश्चिम खानदेशात होते, ९ सप्टेंबर रोजी मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती गेले. या मुलांचे नाव येथे प्रत्येकाच्या तोंडी आहे. त्याच आठवड्यांत मुंबईत बावीस वर्षांची एक मुलगी रोज संध्याकाळी बिनतारीवरून बोलत होती. उषा मेहता. जन्म सुरतेजवळच्या सरस गावचा, म्हणजे आपल्याच तापीच्या खालच्या अंगाचा. बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे तिचे साथीदार. शिकागो रेडिओ या ध्वनिक्षेपकांच्या पेढीचे नानक मोटवानी यांची मदत होती, यंत्र बांधणारा तंत्रज्ञ नरीमन प्रिंटर होता, आणि राममनोहर लोहियांसारखे भूमिगत पुढारी पाठीशी होते. ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानात कोठून तरी, काँग्रेस रेडिओ बोलत आहे, अशा अर्थाची घोषणा होई. आरंभी 'हिंदोस्ताँ हमारा' आणि शेवटी 'वंदे मातरम्'.

या केंद्राने ज्या बातम्या दिल्या त्यांत चितगावची बाँबफेक होती, चिमूर-आष्टीचे अत्याचार होते, आणि जमशेदपूरच्या लोखंड कारखान्यातील कामगारांचा संपही होता. संपाची बातमी छापील पत्रात येऊ शकत नाही तेव्हा ती तारेवाचून जाते, हे आमच्या चळवळीने विसरू नये.

परंतु आज आम्हांस पाहावयाची आहे ती अँटेना. ४२.३४ मीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७१ लाख आवर्तने. अशा लहरीसाठी अर्ध्या लहरीची तार २० मीटरांच्या आसपास, म्हणजे सुमारे ६६ फूट लागते. गिरगावातल्या बिऱ्हाडात ६६ फुटांची सरळ तार मोकळी ताणणे आणि ती शेजाऱ्यांच्या दृष्टीस न पडणे, या दोन गोष्टी एकत्र नांदणे कठीण. त्यातून हे केंद्र एका जागी राहणारे नव्हते. चौपाटीजवळचे सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेखवाडी, महालक्ष्मी देवळाजवळचा पॅराडाइज बंगला, असे बिऱ्हाड पाठीवर. दर वेळी गच्ची निराळी, भिंत निराळी, जवळचे लोखंडी नळ निराळे. तार तीच असली तरी तिचा संरोध जागेबरोबर बदलतो: मधोमध वीज दिली तर सत्तरएक ओहम, टोकाला दिली तर हजारो. म्हणजे घर बदलले की जुळणी नव्याने करावयाची, आणि तीही चटकन, कारण तपासाची गाडी गोल अँटेना फिरवीत रस्त्याने हिंडत असे. जेवढा वेळ जुळणीत जाईल तेवढा वेळ पकडले जाण्याचा. ज्यांनी भाषणे दिली त्यांची नावे इतिहासाने नीट लिहून ठेवली. तारेचे टोक हातात धरून मीटरकडे पाहणाऱ्यांची कथा त्या मानाने कमी सांगितली जाते.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी शेवट झाला. तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला, त्याच्याकडून ठिकाण कळले, आणि पॅराडाइज बंगल्यात 'वंदे मातरम्' चालू असतानाच पोलीस आत आले. बंद करा म्हटल्यावर उषाबाईंनी बंद करण्यास नकार दिला. पुढील वर्षी खटल्यात बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबाईंना चार, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलदास व मोटवानी सुटले. एकाच माणसाच्या बोटांत सारी विद्या असली म्हणजे तो माणूस फुटला की सारे फुटते. संघटनेत आम्ही हे फार पाहिले आहे. हिशेब एकटा चिटणीस जाणतो, वही त्याच्याच पेटीत, आणि तो गेला की युनियन गेली.

स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी सातपुडा आणि नर्मदा ओलांडून पलीकडे महूच्या सिग्नल्स विद्यालयात हौशी बिनतारीवाल्यांचा अखिल भारतीय क्लब स्थापन झाला. सहा वर्षांनी दिल्लीस जाऊन तो ॲमेच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया बनला. परवाने मिळू लागले, पण यंत्रे कोठून आणावयाची? परदेशी माल आणण्यावर निर्बंध व भारी जकात. तेव्हा लढाईतले उरलेसुरले सामान, मुंबईच्या चोर बाजारातले आणि लॅमिंग्टन रोडवरचे सुटे भाग, आणि घरचा सोल्डरिंगचा खिळा, यांवर आपल्या देशातील हा छंद पोसला गेला.

इतक्यात कड्यानेही रूप पालटले होते. लोखंडाचे कडे सेकंदाला ५० आवर्तनांना ठीक आहे. कारखान्याच्या आवारातील मोठे ट्रान्सफॉर्मर त्यावरच चालतात, पण ७० लाख आवर्तनांना ते नुसते तापते. हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक व त्याच्या सहकाऱ्यांनी लोहाच्या भस्मात इतर धातूंची भस्मे मिसळून, भट्टीत भाजून, फेराइट तयार केले. कुंभाराच्या कामाचाच तो प्रकार. १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये गुस्ताव ग्वानेला याने, आणि १९५९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या रुथ्रॉफ याने, दोन तारा जोडीने गुंडाळून फार रुंद पट्ट्यात काम देणारे ट्रान्सफॉर्मर कसे करावे ते लिहिले. नंतर जेरी सेव्हिक याने त्यावर वर्षानुवर्षे मोजमापे करून १९८७ साली पुस्तक छापले. आज घरी जे कडे गुंडाळले जाते ते या तिघांपैकी एकाच्या वाटेने जाते.

आपल्याकडे मात्र कड्याची जात कोणती हे कळण्याची सोय नव्हती. जुन्या टी.व्ही.च्या डबीतील दोन भोकांचा तुकडा, चित्रनळीच्या मानेवरील जोखडाचे फेराइट, भंगारात आलेले एखादे काळे कडे: शिक्का नाही, क्रमांक नाही. दिसावयास सगळी सारखी. एक ७० लाख आवर्तनांना उत्तम चालते, दुसरे दोन मिनिटांत पोळते. दुकानदार म्हणेल ते खरे मानावे, की स्वतः पाहावे? उसाच्या गाडीवाल्याला विचारा. आपली गाडी दुसऱ्या काट्यावर एकदा घालून पाहिल्यावाचून त्याचे समाधान होत नाही, आणि त्यात कोणाचा अपमान नाही.

आता टेबलाकडे येऊ. टेबलावर एक मल्टिमीटर, एक घरचा कंपनजनक किंवा परवानाधारकाचा लहान ट्रान्समीटर, एक उलट येणारी शक्ती दाखविणारा एसडब्ल्यूआर मीटर आणि मूठभर कार्बनचे रोधक एवढे असावे. रोधक कार्बनचेच पाहिजेत. तार गुंडाळलेले रोधक दिसावयास दणकट असतात, पण ते स्वतःच गुंडाळी असल्यामुळे या आवर्तनांना रोधकासारखे वागत नाहीत. १००० ओहमचे, २ वॅटचे २० रोधक शेजारी शेजारी समांतर जोडले की ५० ओहमचा, ४० वॅट सोसणारा खोटा अँटेना तयार होतो. असेच ५ जोडले की २०० ओहम. खोटा अशासाठी म्हणावयाचा की त्यात गेलेली शक्ती आकाशात न जाता उष्णता होऊन बसते. ओए-७९ जातीचा जर्मेनियम डायोड आणि एक लहान कंडेन्सर मल्टिमीटरच्या पुढे लावला की तोच मीटर बिनतारी दाबही मोजू लागतो. जुन्या रेडिओंतून हा डायोड हवा तितका निघे.

पहिली परीक्षा साध्या ओहममीटरची. वेटोळे तुटले नाही ना, दोन वेटोळी जेथे लागू नयेत तेथे लागत नाहीत ना. फेराइटची धार तारेचे इनॅमल कापते, म्हणून कड्यावर आधी पट्टी गुंडाळावी. फॅरेडेने मांजरपाट घातले ते याच भीतीने.

दुसरी परीक्षा: चौपट करणाऱ्या कड्याच्या वरच्या बाजूस २०० ओहम जोडावे आणि खालच्या बाजूने थोडी शक्ती द्यावी. जुळणी बरोबर असेल तर खालून ते ५० ओहम दिसले पाहिजे, आणि उलट येणारी शक्ती जवळजवळ शून्य. मग आवर्तने बदलीत जावे. खालच्या टोकास वाचन बिघडले तर वेढे कमी आहेत. वेटोळ्याचा स्वतःचा अडसर जोडलेल्या ओहमच्या निदान चार-पाच पट असावा असा नियम आहे. ७१ लाख आवर्तनांना, ५० ओहमच्या बाजूस, तो हिशेब, पाचपट धरून, साडेपाच-पावणेसहा मायक्रोहेन्रीचा येतो. वरच्या टोकास बिघडले तर तार फार लांब झाली आहे, किंवा वेढे सैल आहेत. या दोन टोकांच्या मध्ये जो पट्टा उरेल तो आपला.

येथपर्यंत येऊन पुष्कळ लोक थांबतात, आणि फसतात. कारण मीटरवर उलट शक्ती दिसत नाही याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, सर्व शक्ती अँटेनात गेली. दुसरा, ती वाटेतच खाल्ली गेली. समजा कडे व जुनी, पाणी प्यालेली केबल मिळून दहातला एकच भाग वर पोहोचू देतात. वर अँटेना जोडलेलाच नाही. तो दहावा भाग पूर्ण उलटा फिरला, येताना त्याचाही दहावाच भाग खाली पोहोचला. म्हणजे शंभरात एक. मीटर बिचारा १.२ दाखवितो, हौशी मनुष्य खूष होतो, आणि वर अँटेनाच नाही! ज्या खात्यात तक्रार वर जाताना नऊ ठिकाणी जिरते, त्या खात्याचा अहवाल नेहमी समाधानकारक असतो, तसे हे आहे. म्हणून वरचे टोक मुद्दाम सोडवून, अगदी थोड्या शक्तीवर, मीटर पाहावा. तो कडेलोट झाला पाहिजे. शांत राहिला तर मध्ये चोर आहे.

चोर किती खातो ते काढण्याची तिसरी परीक्षा आम्हांस सर्वांत सुंदर वाटते, कारण तिला काहीच महाग लागत नाही. एकसारखी दोन कडी गुंडाळावी. पहिल्याने ५० चे २०० करावे, दुसऱ्याने उलटे लावून २०० चे पुन्हा ५०. शेवटी तो ५० ओहमचा खोटा अँटेना. आता दोन्ही बाजूंना ५० ओहमच आहे, त्यामुळे एकच मीटर आधी अलीकडे आणि मग पलीकडे लावून शक्ती मोजता येते. मीटर थोडा खोटा असला तरी दोन्हीकडे सारखाच खोटा. १० वॅट आत गेले व ८ बाहेर आले, तर दोन कड्यांनी मिळून २ खाल्ले. प्रत्येकी एक, असे कोणी म्हणेल. काटेकोर हिशेबात प्रत्येक कडे आलेल्यातील ८९.४ टक्के पुढे देते, म्हणजे पहिले एक वॅटाहून थोडे अधिक व दुसरे एक वॅटाहून थोडे कमी खाते. १० वॅटला ही गोष्ट किरकोळ वाटते. पण तेच कडे १०० वॅटांवर चालविले तर पहिल्या कड्यात साडेदहा वॅटची उष्णता साचते, आणि एवढ्याशा फेराइटला ती फार होते. दहा मिनिटे चालवून, शक्ती पूर्ण बंद करून, मगच हात लावून पाहावा. चालू असताना हात लावू नये. बिनतारी दाबाचा चटका कातडीच्या आत जातो आणि लवकर भरत नाही. फेराइट एका मर्यादेपलीकडे तापले की त्याचे चुंबकत्वच जाते, जुळणी एकाएकी बिघडते, आणि थंड झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखे वागू लागते. असा रोगी डॉक्टरापुढे नेहमी बराच असतो. म्हणून तापलेल्या स्थितीतच वाचन घ्यावे.

२०१९ नंतर ही सारी परीक्षा हाताच्या तळव्याएवढ्या यंत्रात आली आहे. जपानमधील एका हौशी तंत्रज्ञाने त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला, इतरांनी ते बनविले, आणि पूर्वी लाखो रुपयांना मिळणारे मोजमाप काही हजारांत आले. नॅनो-व्हीएनए असे त्याचे नाव. आम्ही त्याचे स्वागतच करतो. तरी पाठीला पाठ लावलेल्या दोन कड्यांची परीक्षा आणि तापवून पाहणे यांची जागा ते घेत नाही, कारण ते यंत्र अत्यंत थोड्या शक्तीवर मोजते. शंभर वॅटांखाली कडे कसे वागेल ते त्याच्या पडद्यावर दिसत नाही.

या कड्यांचे मोल केव्हा कळते? २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद व त्यांचे हौशी सहकारी आधीपासूनच केंद्र मांडून बसले होते. टेलिफोन बंद पडले, आणि बेटावरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचविण्याचे काम त्यांच्या अँटेनांनी केले. २००१ च्या भूजच्या भूकंपातही हौशी बिनतारीवाल्यांनी असेच काम केले होते. अशा वेळी कडे तापून बसले तर बदलावयास दुकान उघडे नसते.

शेवटी कामाची एक गोष्ट. टेबलावर पास झालेले कडे डबीत घालून वर चढविले की त्याची परीक्षा संपत नाही. आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात डबीत पाणी शिरते, मुंग्या घर करतात, आणि ऊस गाळपाच्या दिवसांत भुश्श्याची राख सांध्यांवर बसते. डबीच्या खालच्या अंगास पाणी निघण्यापुरते एक बारीक भोक ठेवावे. बसविण्याच्या दिवशीचे वाचन आणि तारीख डबीच्या झाकणाच्या आतून रंगाने लिहून ठेवावी, म्हणजे दसऱ्यानंतर जो कोणी वर चढेल, मग तो आपण असो की दुसरा, त्याला ताडून पाहता येईल.